फ्रेमबाहेरचा माणूस

या संग्रहात हौशी छायाचित्रकारांची अलीकडची आवडती छायाचित्रं आहेत आणि प्रत्येकासोबत ते काढणाऱ्याने लिहिलेली हकीकत आहे. यातल्या कुणाचंही पोट कॅमेऱ्यावर चालत नाही. बँकेतून निवृत्त झालेले आहेत, परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, घर सांभाळणाऱ्या बायका आहेत, परदेशी स्थायिक झालेले आहेत. चित्रं मागवताना अट एकच घातली होती: सगळ्यांत चांगलं नको, सगळ्यांत आवडतं पाठवा आणि ते का आवडतं ते लिहा. पुष्कळांनी आधी एक चित्र पाठवलं आणि थोड्या दिवसांनी कळवलं, की ते राहू द्या, हे घ्या. पहिलं बहुधा सूर्यास्ताचं, किल्ल्याचं किंवा पंख पसरलेल्या पक्ष्याचं असायचं, नेटकं आणि झळझळीत. दुसरं तांत्रिकदृष्ट्या थोडं कमी, पण सोबतचा मजकूर दुप्पट लांब. आम्ही दुसरं घेतलं.

भुसावळच्या एका गृहिणीने काढलेलं कुरडयांचं चित्र असंच मागाहून आलं. गच्चीत खाटेवर जुनं पातळ अंथरलंय, त्यावर नुकत्या घातलेल्या कुरडया आणि उन्हाची तिरीप त्यांच्यातून आरपार जाऊन खालच्या पातळाचे काठ उजळवतेय. कोपऱ्यात सोऱ्या दाबणारे दोन म्हातारे हात. मोबाइलवर काढलेलं चित्र आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि ऊन चढायच्या आत शिजवून गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, हे सगळं त्यांनी मजकुरात लिहिलंय. कारण तसा प्रकाश मिळायला तसंच पहाटे उठावं लागतं. त्या पहाटे कॅमेऱ्यासाठी कुणी उठलं नव्हतं, चिकासाठी उठले होते. मग शेवटी दोन ओळी येतात: हात दुखतात म्हणून पुढच्या वर्षीपासून कुरडया विकत आणायच्या, असं सासूबाईंनी त्याच दिवशी जेवताना सांगितलं. चित्रात हे कुठेही नाही, असूच शकत नाही. पण त्या दोन ओळी वाचल्यावर आपण पान मागे उलटून त्या हातांकडे पुन्हा बघतो. या संग्रहाचा सारा खटाटोप त्या पुन्हा बघण्यासाठी आहे.

छायाचित्रासोबत लिहायचं हे काही नवं नाही. आपल्या घरातल्या जुन्या फोटोंची पाठ बघावी. आगफा क्लिक थ्रीच्या रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून ते जपून काढले जात आणि धुऊन आल्यावर पाठीमागे शाईने लिहिलं जाई: कोण, कुठे, कधी, कुणाच्या लग्नात. बहुतेकदा हे काम घरातल्या एखाद्या काकाकडे किंवा आत्याकडे असे. ती पाठची ओळ नसेल, तर दोन पिढ्यांनी समोरची बाजू मुकी होते. असे मुके फोटो प्रत्येक घरात आहेत आणि त्यांच्यातल्या लोकांबद्दल विचारायला आता कुणी उरलेलं नाही. मोबाइलच्या हजारो फोटोंना तर पाठच नाही.

आपल्याकडे चित्राला मजकूर जोडण्याची सुरुवात फार लवकर झाली होती. फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कला १८३९मध्ये जाहीर झाली आणि १८५४मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली. त्या काळात काचेवर रसायन लावून ती ओली असेतोवर चित्र घ्यावं लागे आणि ओली असेतोवरच धुवावं लागे. मुंबईच्या उकाड्यात हे किती जिकिरीचं झालं असेल! त्या पहिल्या फळीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पेशाने डॉक्टर, छायाचित्रण हौसेचं. संस्थेच्या कार्यकारी मंडळातही ते होते. १८५६पासून मुंबईत हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक अल्बम अंकाअंकाने निघू लागला, ‘इंडियन ॲमेच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’. त्यात चित्रं असत आणि त्यांच्याविषयीचा मजकूरही.

म्हणजे आज आपण जे करतो आहोत, ते मुंबईत सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी होत होतं. पण त्या मजकुराचं तोंड दुसरीकडे होतं. समोर बसलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धंद्याचा, त्याचा पेहराव कसा, हे त्यात असे. त्या माणसाचं नाव काय, तो त्या सकाळी का आला, उन्हात किती वेळ निश्चल बसला, कॅमेऱ्यामागच्याशी काय बोलला, याचा पत्ता नाही. पुढे यांतली बरीच चित्रं मुंबईतल्या जातीजमातींची ओळख करून देणाऱ्या मोठ्या ग्रंथात गेली. मला ती चित्रं अतिशय आवडतात आणि ती बघताना दर वेळी चुटपुट लागते. डॉ. नारायण दाजींनी आपल्या एखाद्या आवडत्या चित्रामागची गोष्ट चार ओळींत लिहून ठेवली असती, तर तो काळ आपल्याला किती जवळून दिसला असता.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एका बाईंनी मात्र लिहून ठेवलं. ज्युलिया मार्गारेट कॅमरन कोलकात्यात जन्मल्या होत्या. १८६३च्या डिसेंबरात, वयाच्या ४८व्या वर्षी, त्यांना मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं काचघर. पुढच्याच महिन्यात ॲनी नावाच्या एका लहान मुलीचं चित्र त्यांना मनासारखं साधलं. दहा वर्षांनी लिहिलेल्या आठवणींत त्या सांगतात, की आनंदाच्या भरात त्या घरभर फिरून त्या पोरीला द्यायला भेटवस्तू शोधत होत्या. हे चित्र जणू तिनेच घडवलंय असं त्यांना वाटलं होतं. कॅमरन यांची चित्रं धूसर असतात म्हणून त्या काळच्या जाणकारांनी नाकं मुरडली. आज त्यांचं नाव छायाचित्रणाच्या इतिहासात पहिल्या ओळीत आहे. त्या घरभर फिरण्याची गोष्ट वाचल्याशिवाय ॲनीचं चित्र बघू नये, असं माझं मत आहे.

या संग्रहाकडे परत येतो. सगळ्यांत जास्त चित्रं आली ती वारीची आणि सगळ्यांत कमी निवडली गेली तीही वारीचीच. रिंगण, पताकांची लाट, तुळस डोक्यावर घेतलेली माउली, पावसात भिजलेला पखवाज. ही चित्रं सुंदर असतात, पण काढणाऱ्याने तिथे जायच्या आधीच ती मनात काढून ठेवलेली असतात. आम्ही एकच ठेवलं. लोणंदच्या तळावर प्रथमोपचाराच्या तंबूत सेवेला गेलेल्या एका डॉक्टरांनी ते काढलंय. गोणपाट टाकून बसलेला एक चांभार आणि त्याच्यासमोर अनवाणी उभी असलेली रांग. प्रत्येकाच्या हातात एक चप्पल. चेहरे वर राहिलेत, फ्रेममध्ये नाहीत. डॉक्टर लिहितात, की सकाळपासून ते त्याच पायांवरचे फोड बांधत होते, त्यामुळे चेहऱ्यांपेक्षा पाय त्यांच्या ओळखीचे झाले होते. चांभार पैसे घेत नव्हता. त्याचं नाव डॉक्टरांनी विचारलं आणि त्याने ते छापू नका म्हणून सांगितलं. आम्ही छापलेलं नाही.

परवानगीचा हा विषय अनेक हकिकतींतून डोकावतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. रात्रपाळी संपवून कर्जत लोकलने घरी जाणाऱ्या एका परिचारिकेने बायकांच्या डब्यातली मेथी निवडणारी मंडळी टिपली आहेत. रोजच्या ओळखीच्या बायका, तरी तिने आधी विचारलं. एकीने हसून मान डोलावली, एकीने पदर सावरला, एक नको म्हणाली. म्हणून चित्रात फक्त हात, जुड्या आणि मांडीवरचं वर्तमानपत्र आहे. कुणी म्हणेल, नकार नसता तर चित्र अधिक भरलेलं झालं असतं. मला तसं वाटत नाही. त्या नकारामुळे चित्र हातांपाशी आलं आणि हातच बोलके निघाले. शिवाय नको म्हणणाऱ्या बाईंचेही हात त्यांत आहेत, त्यांनी तेवढं चालेल म्हणून सांगितल्यावर.

आता थोडं कठीण प्रश्नाकडे. चित्र खरं आहे, हे आज कशावरून समजायचं? २०२३मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने पाठवलेल्या चित्राला पारितोषिक जाहीर झालं आणि त्याने ते नाकारलं. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं होतं आणि परीक्षक ते ओळखतात का, हेच त्याला बघायचं होतं. पुढच्या वर्षी उलटं घडलं. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने फ्लेमिंगोचं एक अस्सल छायाचित्र यंत्रनिर्मित चित्रांच्या गटात पाठवलं. पोट खाजवायला मान आत वळवलेला पक्षी. डोकंच नाही असं वाटावं असा. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतांत ते पहिलं आलं आणि खरं निघालं म्हणून बाद झालं. दोन्ही वेळा चित्राकडे नुसतं बघून काही कळलं नाही. कळलं ते सांगणाऱ्याने सांगितल्यावर.

त्यामुळे सोबतच्या हकिकतीवरची जबाबदारी आता वाढली आहे. चित्र काढणारा तिथे उभा होता, याची ती साक्ष आहे. हकीकतही खोटी रचता येते, हे मला मान्य आहे. पण खरं सांगणारा माणूस चित्राच्या सौंदर्याला निरुपयोगी, कधी त्याला बाधक अशाही गोष्टी सांगून जातो: कुणी नको म्हटलं, काय दिसलं नाही, चित्रात किती भाग कॅमेऱ्याचा आणि किती डोळ्यांचा. अशा गोष्टी ज्यांनी लिहिल्या, त्यांच्यावर मी विश्वास ठेवला. नुसतं ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओचे आकडे ज्यांनी पाठवले, त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतलं.

काजव्यांचं चित्र हे याचं उत्तम उदाहरण. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागांत झाडंच्या झाडं लुकलुकतात आणि तिथली छायाचित्रं बघून लोक थक्क होतात: अख्खं रान हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं. असं रान एका क्षणी कुणालाच दिसत नाही. ट्रायपॉड हलू न देता वीस-तीस सेकंदांच्या अनेक चौकटी घ्यायच्या आणि नंतर संगणकावर एकीवर एक रचायच्या, तेव्हा तासाभराचे ठिपके एका चित्रात जमतात. यात लबाडी काहीच नाही, सांगितलं तर. इथल्या छायाचित्रकाराने ते पहिल्याच वाक्यात सांगितलंय. चौकटी रचताना एक मोठा पांढरा पट्टा आडवा आलेला दिसतो, तोही त्याने पुसलेला नाही. तो कुणाच्या तरी टॉर्चचा आहे. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते; झगझगीत उजेड पडला की ती साद बुडते आणि झाड काही काळ विझल्यासारखं होतं. दरवर्षी तिकडे लोटणारी गर्दी गाड्यांचे दिवे आणि टॉर्च घेऊन जाते. तो पट्टा ठेवल्यामुळे चित्र बिघडलंय का? मला तरी या संग्रहातलं ते सगळ्यांत धीट चित्र वाटतं.

डोळा आणि कॅमेरा यांतलं अंतर दुसऱ्या एका पानावर वेगळ्या तऱ्हेने येतं. १० मे २०२४च्या रात्री सूर्यावरच्या वादळामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात इतकी खळबळ झाली, की सर्वोच्च पायरी, जी-५, गाठली गेली. असं २००३नंतर प्रथमच होत होतं. एरवी ध्रुवाजवळ दिसणारा प्रकाश त्या रात्री पार खाली उतरला. लडाखमधल्या हानले इथेही आकाशात तांबूस छटा नोंदली गेली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या एका मराठी बाईंनी घरामागच्या गल्लीतून मोबाइलवर काढलेलं चित्र गुलाबी आणि हिरव्या रंगाने ओसंडतंय. पण त्या लिहितात, की डोळ्यांना मात्र फिकट पांढुरके पडदे हलल्यासारखे दिसत होते, रंगाची नुसती चाहूल. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. मोबाइल काही सेकंद उजेड साठवत राहतो, म्हणून त्याला कळतात. शेजारच्या घरातले आजोबा ओव्हरकोट घालून बाहेर आले आणि फोनच्या पडद्यावर ते रंग बघून परत आकाशाकडे बघत राहिले. इकडे पुण्यात सकाळ व्हायला आली होती, आईला फोन करून उठवलं, हेही त्यांनी लिहिलंय. मला तो फोन चित्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्सुचिन्शान-ॲटलास हा धूमकेतू सूर्याला वळसा घालून परतीच्या वाटेवर पृथ्वीजवळून गेला. १२ तारखेला तो सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला थोडा वेळ दिसे. रोज तो क्षितिजापासून थोडा वर चढत होता, म्हणजे बघायला सोपा होत होता, आणि रोज चंद्रही मोठा होत होता, म्हणजे अवघड होत होता. पुण्याहून सासवडच्या बाजूला गेलेल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना तो सापडला कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी. विजेच्या खांबावर अंधूक पुसट रेघ. नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही. त्यांच्याकडे त्याच धूमकेतूचं आणखी स्पष्ट चित्र होतं, ते आम्हीही बघितलं. हे निवडलं, कारण शेतातला पंप बंद करायला आलेल्या एका मुलाला त्यांनी रेघ दाखवली आणि त्याने ती त्यांच्याआधी नुसत्या डोळ्यांनी पकडली. खांबाच्या खाली जी अर्धी सावली आहे, ती त्या मुलाची.

भिगवणच्या चित्राबद्दल थोडक्यात. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ते उडताना पंखांतला लाल-काळा रंग उघडतो, म्हणून सगळ्यांना उडतानाचंच चित्र हवं असतं. त्यासाठी होडी थव्यावर नेली जाते. हे दिवसातून पुन्हा पुन्हा घडलं, की पक्ष्यांचं चरणं मोडतं. आमच्या छायाचित्रकाराने होडी लांबच थांबवायला लावली. चित्रात सगळ्यांच्या माना खाली आहेत, चोची उलट्या करून चिखल गाळताहेत. अशा चित्राला स्पर्धेत बक्षीस मिळायचं नाही. नावाड्याने मात्र दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून पुन्हा यायला सांगितलं.

चित्रांचा क्रम आम्ही विषयांप्रमाणे लावलेला नाही. धूमकेतूनंतर मेथी येते, वारीनंतर ध्रुवीय प्रकाश. मजकूर संपादित करताना शुद्धलेखन तपासलं, बोलीला हात लावला नाही. खानदेशातल्या बाईंनी जसं लिहिलं, तसंच ते छापलंय. चित्रांवरही छपाईसाठी लागेल तेवढंच काम केलं; कुणाचं आकाश आम्ही अधिक निळं केलेलं नाही. पानावर आधी चित्र येईल, मजकूर पान उलटल्यावर मागच्या बाजूला. जुन्या फोटोंची पाठ डोळ्यांसमोर ठेवून ही रचना ठरवली आणि त्यामुळे पानं वाढली, खर्चही वाढला. पण आधी नुसतं चित्र बघायचा हक्क वाचकाला मिळायला हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

शेवटची एक सूचना. काही चित्रांखाली ठिकाणाचं नाव नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर मोजक्याच जागी उगवणारी शिंदळ माकुडी ही वनस्पती तुम्हाला इथे फुललेली दिसेल: पाच पाकळ्यांचं किरमिजी फूल, त्यावर पिवळे ठिपके. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं, फ्रेरिया इंडिका. पावसाळ्यात ती एका कड्याच्या बेचक्यात सापडली, तेव्हा आमच्या छायाचित्रकाराबरोबर गावातला एक गुराखी होता आणि त्यानेच दोर धरला होता. दोघांनी तिथेच ठरवलं, की जागा कुणाला सांगायची नाही. अशा झाडांना हौसेने उपटून नेणारेही असतात. मोबाइलच्या चित्रात अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, तेही छायाचित्रकाराने चित्र आम्हाला देण्याआधी काढून टाकले आहेत. या चित्राच्या हकिकतीत वाट, गाव, कडा यांतलं काहीही नाही. दोर धरणाऱ्याशी झालेलं बोलणं तेवढं आहे. कृपा करून आम्हाला पत्र पाठवून जागा विचारू नये. ती आम्हालाही सांगितलेली नाही.